पंखवाल्या वीराची कैफियत

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत एक खटला उभा राहिला. आरोपी अमेरिकेतले, फिर्यादी आठवीतला, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत नाइलाजाने मी.

झाले ते असे. गणिताच्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा वहीत मान खुपसून काही तरी लिहीत होता. गणितात हा मुलगा इतका रंगत नाही हे मला पुरते ठाऊक असल्याने मी जाऊन वही उचलली. शेवटच्या पानांवर पट्टीने रेघा मारून त्याने एक तक्ता आखला होता. वर शीर्षक : 'हॉकमन खरा कोण?' खाली रकाने. एकात इजिप्तचा राजपुत्र, दुसऱ्यात परग्रहावरचा पोलीस, तिसऱ्यात गुप्तहेर आणि चौथ्यात नुसतेच प्रश्नचिन्ह. मी रीतीप्रमाणे रागावलो आणि वही टेबलाच्या खणात टाकली. तास संपल्यावर मुलगा आला. वही मागायला आला असेल, असे मला वाटले. पण त्याने विचारले, "सर, ते म्हणतात की ते सगळं झालंच नव्हतं. मग आधीचं खोटं होतं का?"

'ब्लॅक ॲडम' हा २०२२ सालचा चित्रपट त्याने पाहिला होता. त्यातला पंखवाला वीर त्याला आवडला, म्हणून त्याची कुळकथा शोधायला तो गेला आणि रानात वाट चुकावी तसा चुकला. मी त्याला त्या दिवशी काही उत्तर दिले नाही. माझ्या एका मित्राच्या कपाटात या चित्रकथांची चळत आहे. गणपतीच्या सुट्टीत ती मी घरी आणली, वाचली आणि वाचता वाचता फिर्यादीच्या बाजूला जाऊन बसलो. न्यायाधीशाला हे शोभत नाही, हे मान्य. म्हणून खुर्ची सोडून आता वकिलाच्या जागी उभा राहतो. 'होय, आधीचे खोटे होते' असे जे जे कोणी त्या मुलाला सांगतील, त्या सर्वांच्या विरुद्ध ही कैफियत आहे.

ज्यांना या वीराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जातो. १९४० च्या जानेवारीत 'फ्लॅश कॉमिक्स' नावाच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यात गार्डनर फॉक्स या लेखकाने आणि डेनिस नेव्हिल या चित्रकाराने हॉकमन प्रथम उभा केला. कार्टर हॉल हा जुन्या शस्त्रांचा शौकीन. त्याच्या हाती एक काचेची प्राचीन सुरी येते आणि तिच्यासरशी त्याला पूर्वजन्म आठवतो. तो इजिप्तचा राजपुत्र खुफू होता, हाथ-सेट नावाच्या पुजाऱ्याने त्याला आणि त्याच्या प्रियेला मारले होते. या जन्मी ती प्रिया शिएरा होऊन पुन्हा भेटते, पुजारीही नव्या देहात हजर असतो. गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारा धातू कमरेला, पाठीवर पंख, तोंडावर ससाण्याचा मुखवटा आणि हातात संग्रहातली गदा, असा हा वीर. पुनर्जन्माची गोष्ट आपल्याला नवी नाही, त्यामुळे माझ्या विद्यार्थ्याला ती पहिल्या पानावरच पटली होती.

पुढे महायुद्ध संपले, असल्या वीरांची सद्दी ओसरली आणि हॉकमनही अडगळीत गेला. १९६१ साली ज्युलियस श्वार्ट्झ या संपादकाने त्याला पुन्हा बाहेर काढले. लेखक तोच, गार्डनर फॉक्स. चित्रकार जो क्यूबर्ट. पण काळ बदलला होता. माणूस अंतराळात निघाला होता. तेव्हा हा नवा हॉकमन थानागार नावाच्या ग्रहावरचा पोलीस झाला. नाव काटार होल, पत्नी शायेरा. बिथ नावाच्या बहुरूपी गुन्हेगाराच्या मागावर ही दोघे पृथ्वीवर येतात आणि इथल्या पोलिसी पद्धती शिकायला म्हणून मुक्काम करतात. पती-पत्नी खांद्याला खांदा लावून काम करतात आणि एरवी एका वस्तुसंग्रहालयाची देखभाल करतात. मोठे प्रसन्न जोडपे आहे हे.

म्हणजे दोन हॉकमन झाले. एक इजिप्तचा, एक थानागारचा. आता यांची संगती कशी लावायची? ती फॉक्सनेच लावली, त्याच १९६१ सालात, 'फ्लॅश' या दुसऱ्या वीराच्या १२३ व्या अंकात. या विश्वात एकाच जागी दोन पृथ्वी आहेत. दोन्हींचा कंपनवेग वेगळा, म्हणून त्या एकमेकींना दिसत नाहीत. जुने वीर त्या पृथ्वीवरचे, नवे या पृथ्वीवरचे. मग या पृथ्वीवरच्या मुलांनी त्या पृथ्वीवरच्या वीरांच्या चित्रकथा कशा वाचल्या? तर गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाला झोपेत ते जग दिसत असले पाहिजे, असे खुद्द कथेतले पात्रच सांगते! फॉक्स हा वकिली शिकलेला गृहस्थ होता. आपल्याच दोन अशिलांचा तंटा त्याने असा हसतखेळत मिटवला, आणि दोघांपैकी एकालाही खोटा ठरवले नाही.

इथपर्यंत गुंता कुठे आहे? मला तर दिसत नाही. पुढली चोवीस वर्षे अमेरिकेतल्या पोरांना तो दिसला नाही. वर्षातून एकदा दोन्ही पृथ्वींवरचे वीर एकमेकांना भेटत, जसे आपल्याकडे वर्षातून एकदा चुलत घराणी लग्नकार्यात भेटतात, आणि पुन्हा आपापल्या गावी जात.

गुंता आला तो गुंता सोडवणाऱ्यांबरोबर. १९८५ साली डीसी या प्रकाशनसंस्थेचे पन्नासावे वर्ष होते. एव्हाना दोनाच्या अनेक पृथ्वी झाल्या होत्या. नव्या वाचकाचा यात गोंधळ उडतो, असे ठरवण्यात आले. मार्व्ह वुल्फमन या लेखकाने आणि जॉर्ज पेरेझ या चित्रकाराने बारा अंकांची एक प्रचंड कथा रचली. तीत असंख्य विश्वे नष्ट झाली आणि शेवटी एकच पृथ्वी, एकच इतिहास उरला. कथा म्हणून ती भव्य आहे. पेरेझने एकेका पानावर जी माणसांची गर्दी चितारली आहे ती पाहून डोळे थकतात, पण मन थकत नाही. माझे भांडण त्या कथेशी नाही. तिच्यामागे जो हुकूम होता त्याच्याशी आहे. हुकूम असा : आता सर्वांना एका घरात राहायचे आहे, ज्यांना जागा नाही, ते जन्मलेच नव्हते.

सुपरमॅनला या हुकमाने नवे बालपण मिळाले. हॉकमनचे मात्र हाल झाले. १९८९ साली टिमोथी ट्रुमन याने 'हॉकवर्ल्ड' ही तीन भागांची कथा लिहिली. थानागार हा ग्रह म्हणजे वर श्रीमंतांचे मनोरे आणि खाली जिंकून आणलेल्या लोकांची गटारवस्ती. काटार होल त्या मनोऱ्यांतला तरुण, खालच्या वस्तीत पोलीस म्हणून उतरतो आणि आपल्याच वर्गाच्या पापात बरबटतो. प्रतिपक्षाच्या वतीने मी स्वतःच कबूल करतो की, जुन्या अनेक कथांपेक्षा ही कथा वजनदार आहे. वाचणाऱ्याला ती काटारची पूर्वकथा वाटली, आणि तशी ती राहिली असती तर काहीच बिघडले नसते.

पण पुढच्याच वर्षी तिचे मासिक निघाले आणि त्यात ठरवले गेले की, हे सारे आत्ता घडते आहे. काटार होल पृथ्वीवर आज प्रथम येत आहे! मग गेली तीस वर्षे जो हॉकमन इतर वीरांच्या बैठकींना हजर होता, तो कोण? भिंत पाडल्यावर छप्पर कशावर आहे हे पाहावे, असा हा प्रकार. मग ठिगळे सुरू झाली. सुरुवातीच्या बैठकींना म्हणे जुना कार्टर हॉल जात असे. आणि नंतरच्या? नंतरचा तो फेल अँडार, थानागारचा हेर, कार्टर हॉलचा मुलगा असल्याची बतावणी करणारा. त्याच्याबरोबर शायेरा म्हणून वावरणारी स्त्री ही पृथ्वीवरचीच एक शेरॉन पार्कर, तिच्या मेंदूवर ताबा मिळवून तयार केलेली.

वाचकहो, क्षणभर थांबा आणि काय झाले ते पाहा. मुलांनी ज्या अंकांतून एका सज्जन वीराला मित्रांसाठी लढताना पाहिले होते, ते अंक त्यांच्या कपाटात होते तसेच राहिले. शाईचा एक ठिपका बदलला नाही. पण त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही पाहिलात तो तोतया होता. आमच्या इतिहासात सदाशिवरावभाऊंचा तोतया येऊन गेला, पण तो तोतया होता म्हणून पानिपतावरचा भाऊ कोणी तोतया ठरवला नाही! इथे उलटे झाले. तक्ता जुळावा म्हणून खऱ्यालाच खोटे करण्यात आले.

या पापात दोघे भागीदार आहेत, हे निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. एक खोडणारा आणि दुसरा शिवणारा. खोडणारा म्हणतो, जुने गेले, विसरा. शिवणारा म्हणतो, नाही, प्रत्येक पान जुळले पाहिजे, मग कापड कोणते का असेना. पहिला भोक पाडतो आणि दुसरा त्यावर गोणपाट लावतो. फेल अँडार हे त्या गोणपाटाचे नाव आहे. आणि असल्या जुळवाजुळवीत धन्यता मानणारे वाचकही काही कमी नाहीत. त्यांना माणसे नको असतात, हिशेब हवा असतो.

१९९४ साली डॅन जर्गन्सच्या 'झीरो अवर' या कथेत पुन्हा एकदा काळाची साफसफाई निघाली. शेवटच्या अंकाला या विश्वाचा अधिकृत कालपट जोडण्यात आला, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने वहीत आखला तोच तक्ता, फक्त रंगीत. या खेपेस कार्टर, शिएरा आणि काटार या तिघांना एकाच देहात ओतण्यात आले आणि वर एका ससाणा-देवतेची स्थापना झाली. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचे तर उरलेली आमटी, उरलेली भाजी आणि उरलेले वरण एका पातेल्यात घालून त्याला नवे नाव देण्याचा हा उद्योग. १९९६ साली ते मासिक बंद पडले. यानंतर या वीराला हात लावायला कोणी धजेना. पुढल्या वर्षी ग्रँट मॉरिसन हा नामवंत लेखक वीरांच्या नव्या संघात हॉकमनला घेऊ इच्छीत होता. त्याला तो मिळाला नाही. तेव्हा त्याने पंखांची जागा भरायला झॉरिएल नावाचा देवदूत निर्माण केला. स्वर्गातून देवदूत उतरवणे सोपे, पण हॉकमनची जन्मपत्रिका मांडणे अवघड! गुंता सोडवणाऱ्यांच्या दहा वर्षांच्या श्रमाचे फळ ते हेच.

मग २००१ साली 'जेएसए' या मालिकेत हॉकमन परतला आणि पुढल्या वर्षी जेफ जॉन्स आणि जेम्स रॉबिन्सन यांनी त्याचे स्वतंत्र मासिक लिहायला घेतले. तोडगा साधा होता. थानागारचे एक यान प्राचीन इजिप्तमध्ये कोसळले. त्यातल्या धातूच्या स्पर्शाने खुफू आणि त्याची प्रिया जन्मोजन्मी परत येऊ लागली. दोन्ही गोष्टींचे मूळ एका वाळवंटात सापडले. पण मला त्या तोडग्यापेक्षा केंड्रा सॉन्डर्स अधिक भावली. ही तरुण मुलगी म्हणजे शिएराचा नवा जन्म. कार्टरला सारे जन्म आठवतात. तिला काहीच आठवत नाही. तो म्हणतो, तू माझी युगायुगांची सहचरी. ती म्हणते, मी तुला ओळखत नाही. माझे एक आयुष्य आहे, ते मला जगू दे.

ही गाठ वाचताना मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या मुलाचा प्रश्न इथे उलटा होऊन समोर आला होता. वाचकाला सगळे आठवते आणि मालक म्हणतो, विसर. केंड्राला काही आठवत नाही आणि सारे जग म्हणते, आठव. दोन्हीकडे बळजबरी तीच : तुझ्या डोळ्यांनी काय पाहिले ते तू ठरवायचे नाहीस, आम्ही ठरवू. लेखकांनी केंड्राला तिचा नकार दिला, ही त्यांची माणुसकी. वाचकाला असा नकार कोणी दिला नाही. २०११ साली प्रकाशनसंस्थेने आपली सारी मासिके बंद करून ५२ मासिके पहिल्या अंकापासून नव्याने काढली आणि हॉकमन पुन्हा एकदा बदलला. आता नाव कार्टर हॉल, पण पुढे उघड झाले की हा मुळातला काटार होल! २०१३ साली तेही संपले.

'नवा वाचक गोंधळतो' ही सबब मी मास्तर म्हणून मुळीच ऐकून घेणार नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना गावातल्या चार पिढ्यांची भाऊबंदकी तोंडपाठ असते. कोणाचा बांध कोणी कोरला आणि कोणाची आत्या कोणाकडे दिली, हे ती न अडखळता सांगतात. ज्यांच्याकडे जुने इंद्रजालचे अंक आहेत त्यांना आठवत असेल की, ली फाल्कचा फँटम, आपला वेताळ, हा एकविसावा आहे, बापाचा मुखवटा मुलाने चढवायचा, हे सातआठ वर्षांच्या पोरांनाही समजत असे. मूल गोंधळत नाही. गोंधळते ते दुकान. पहिल्या क्रमांकाचा अंक अधिक खपतो, ही खरी गोष्ट आहे. ती तशी सांगावी. मुलाच्या बुद्धीवर तिचा बोजा टाकू नये.

आणि आपल्याला तर हा पेच मुळात नवा नाही. गणपतीचे मस्तक कसे गेले? कोणी सांगेल, शंकराने उडवले. कोणी सांगेल, शनीची दृष्टी पडली. शिवपुराणाच्या कर्त्याला दोन्ही कथा ठाऊक होत्या. त्याने काय केले? कल्पभेदाने कथा निराळ्या होतात, असे स्वच्छ सांगितले, शनीच्या दृष्टीची कथा एका वाक्यात नमूद केली आणि मग आपली कथा सुरू केली. मोरोपंतांच्या नावावर एकशे आठ रामायणे सांगतात. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला रद्द केल्याचे मी ऐकलेले नाही. कीर्तनकार बुवा आज एक कथा लावतात आणि पुढल्या वर्षी दुसरी. श्रोता दोन्ही घेऊन घरी जातो. 'गेल्या वर्षी ऐकलेत ते झालेच नव्हते' असे म्हणणाऱ्या बुवाला पुढच्या वर्षी नारळ मिळेल, पण तो निरोपाचा. गार्डनर फॉक्सने पुराणे वाचली होती की नाही मला सांगता यायचे नाही, पण त्याच्या दोन पृथ्वी म्हणजे आपला कल्पभेदच.

शेवटी हे शहाणपण त्या वीराच्या वाट्याला २०१८ साली आले. रॉबर्ट व्हेंडिटी आणि ब्रायन हिच यांच्या मासिकात हॉकमनला उमगते की, आपण काळातच नव्हे तर अवकाशातही जन्म घेतले आहेत. खुफू आपणच, काटारही आपणच. कोणीही तोतया नाही. आणि इतके जन्म कशासाठी? तर अगदी पहिल्या जन्मी तो एका संहारक सैन्याचा सेनापती होता. जितके जीव घेतले तितके वाचवीपर्यंत त्याला परत परत यायचे आहे. ऐंशी वर्षांच्या संपादकीय घोटाळ्याला एका लेखकाने प्रायश्चित्ताचा अर्थ दिला. २०२० साली २९ अंकांनंतर हे मासिकही थांबले, पण माझ्या मते खटल्याचा निकाल तिथे लागला आहे : जे छापले आणि वाचले गेले, ते झाले. नवे हवे तर खुशाल मांडा. त्याच्या शेजारी मांडा.

दुसऱ्यांवर इतका चिखल उडवल्यावर स्वतःच्या धोतराकडे पाहिले पाहिजे. पंधराएक वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. तीत एक स्वयंपाकीणबाई होती. सहा प्रकरणांत ती येई, दोन वाक्ये बोले, आणि एकदा घरच्या लेकीसाठी चोरून लाडू ठेवी. पुस्तक करताना प्रकाशक म्हणाले, पात्रे फार झाली, वाचक गोंधळतो. मी त्या बाईला काढून टाकले. कात्री एका दुपारी चालवली. लाडू ठेवणारे कोणी उरले नाही म्हणून लाडूही काढले. पुस्तक निघाल्यावर एका वृद्ध वाचकबाईंचे पोस्टकार्ड आले : पुस्तक दोनदा चाळले, त्या स्वयंपाकीणबाई सापडल्या नाहीत, त्यांचे पुढे काय झाले? मी उत्तर लिहिले नाही. काय लिहिणार होतो? त्या नव्हत्याच, असे? पण त्या बाईंनी तर त्यांना आठवडेच्या आठवडे पाहिले होते. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. माझा गुन्हा अमेरिकेतल्या मंडळींपेक्षा लहान खरा, पण जातीने तोच, आणि सबबही अक्षरशः तीच.

म्हणून गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी त्या मुलाला बोलावले, खणातली वही काढून दिली आणि सांगितले, "आधीचं खोटं नव्हतं. तू वाचलंस ना, मग ते झालं." त्याला मोठा आनंद होईल अशी माझी समजूत होती. पण तो वही उघडून तक्ता निरखीत उभा राहिला.

"मग सर, चौथ्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह खोडू?"

"खोडू नकोस. त्याच्यापुढे लिही."

"पण जागा नाही. दोन हजार अकराचा पण राहिलाय आणि अठराचा पण."

खरेच जागा नव्हती. रेघा पार समासापर्यंत गेल्या होत्या. मी कपाटातून एक कोरे पान आणि डिंकाची बाटली काढली. पान जोडून वाळेपर्यंत गणिताचा तास पाच मिनिटे उशिरा सुरू झाला.